अनोळखी झाड पानावरून कसं ओळखायचं: नागपूर परिसरासाठी, टप्प्याटप्प्याने

पावसाळा सरला की माझ्या फोनवर पानांचे फोटो येऊ लागतात. तळहातावर एक हिरवं पान, मागे अंगणातली फरशी आणि खाली प्रश्न: "हे कोणतं झाड?" बहुतेक वेळा उत्तर देता येत नाही, कारण ज्यावरून झाड ओळखतात ते सगळं झाडापाशीच राहिलेलं असतं. त्यात काही वेळा फोटोतलं पान हे पानच नसतं, पानाचा एक तुकडा असतो.

मध्यंतरी गुढीपाडव्याच्या सकाळी शेजारच्या काकूंनी निंबाची म्हणून एक डहाळी आणली. चटणीसाठी पानं खुडायला बसणार, तेवढ्यात मी डहाळी हातात घेऊन पाहिली. ती बकाणाची, म्हणजे निंबासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या झाडाची होती. बकाणाची फळं विषारी असतात आणि पानंही खायची नसतात. काकूंची नजर चांगली आहे, पण त्यांनी नाव आधी ठरवलं आणि पान नंतर पाहिलं. ही चूक सगळेच करतात. खालचा क्रम ती टाळण्यासाठी आहे. त्यात नाव सगळ्यात शेवटी येतं.

तयारी

सोबत वही, पेन्सिल, सहा इंची फुटपट्टी, ओला रुमाल आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. भिंग नसेल तरी चालेल, वही मात्र हवीच. रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ इतकी असते की पानाचा खरा रंग आणि लव दिसत नाही. रुमाल त्यासाठी.

वेळ निवडा. आपल्याकडचं रान पानगळीचं आहे. फेब्रुवारीपासून साग, मोवई, सालई उघडी पडू लागतात आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस, येईपर्यंत कित्येक झाडांवर पाहायला पानच उरत नाही. शिकायला ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने उत्तम, कारण तेव्हा पान पूर्ण वाढलेलं आणि शाबूत असतं. मार्च-एप्रिलची कोवळी पालवी सुंदर असते, पण फसवते. कुसुमाची पालवी लालभडक, मोहाची तांबूस, पिंपळाची गुलाबी. रंगावरून नाव काढलंत तर पंधरा दिवसांनी तेच झाड तुम्हाला परकं वाटेल.

सावधान: अनोळखी झाडाचं पान चावून पाहू नका. गराडीचं गोल, साधंसुधं दिसणारं पान जीवघेणं विषारी आहे. चीक डोळ्यांपासून लांब ठेवा. जंगलात मोठं, जाड, पाठीकडून फिकट राखाडी पान फांदीच्या टोकाला झुपक्याने दिसलं, तर ते तोडण्याआधी थांबा, तो बिबा असू शकतो. बिबा उतला की कातडीवर फोड येतात. गोरेवाडा किंवा पेंचसारख्या संरक्षित जंगलात काहीच तोडायचं नाही. फांदी हाताने वाकवून पाहा, फोटो काढा, सोडून द्या.

१. आधी जागा लिहा

पानाला हात लावण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा: जमीन कशी, पाणी किती जवळ, ऊन की सावली, आणि झाड लावलेलं की आपोआप आलेलं.

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. एका ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्या वयाची झाडं असतील तर ती लावलेली आहेत, आणि लावलेलं झाड जगात कुठलंही असू शकतं. सिव्हिल लाइन्स किंवा रामदासपेठेच्या रस्त्यावर गुलमोहर, पेल्टोफोरम, रेन ट्री, काशीद, सप्तपर्णी आधी डोळ्यांसमोर आणा. सेमिनरी हिल्सच्या मुरमाड उतारावर आपोआप आलेलं झाड असेल तर यादी वेगळी होते. तिथे रानातली झाडं आधी तपासायची.

जमिनीचंही तसंच. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर आहे. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट आणि त्याची काळी माती, पूर्वेकडे खडक बदलतो आणि माती फिकट होते. काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत, बांधावर पळस, बाभूळ आणि हिवर रेटून वाढतात. कोरड्या, खडकाळ उतारावर सालई आणि धावडा तग धरतात. नाल्याच्या काठाला अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर.

तपासा: जागा पुरावा देते, निकाल देत नाही. करंज नाल्याचं झाड असलं तरी शहराच्या अर्ध्या फुटपाथांवर लावलेलं आहे. म्हणून जागेवरून फक्त शक्यता लिहा आणि पुढे जा.

२. लांबून झाड, जवळून खोड

वीस पावलं मागे जाऊन झाडाचा आकार पाहा, मग खोडाजवळ या. जुन्या खोडाची साल पाहायची. कोवळ्या फांदीची साल बहुतेक झाडांत सारखीच गुळगुळीत असते.

काही साली एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. ऐनाची काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी खोल भेगांची. तेंदूचीही काळी, पण चौकोनी तुकड्यांत फुटलेली. अर्जुनाची गुळगुळीत, पांढरट, पातळ पापुद्रे सुटणारी. धावड्याची फिकट राखाडी. हिवराची पिवळसर-पांढरी, त्यामुळे लांबूनच ते बाभळीच्या काळ्या खोडांत वेगळं दिसतं. काटे असतील तर ते सरळ आहेत की वाकडे, जोडीने आहेत की एकेकटे, तेही लिहा. बाभळीचे काटे सरळ, लांब आणि जोडीने. खैराचे आखूड आणि मांजराच्या नखासारखे वाकडे.

३. एक पान कुठून कुठपर्यंत? डोळा शोधा

बहुतेक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे सावकाश जा.

संत्र्याच्या बागेत डोळा भरताना तुम्ही पाहिलं असेल. संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा काढून जंभेरीच्या खुंटावर बसवतात आणि त्या डोळ्यातून नवी फांदी फुटते. तो डोळा घेतात कुठून? देठ फांदीला जिथे चिकटतो, त्याच्या वरच्या बेचक्यातून. प्रत्येक खऱ्या पानाच्या बेचक्यात असा डोळा असतो. पर्णिकेच्या, म्हणजे मोठ्या पानाच्या छोट्या भागाच्या बेचक्यात तो कधीच नसतो.

म्हणून हातात आलेल्या हिरव्या पात्यापासून देठाच्या दिशेने मागे मागे जा. पहिल्या सांध्यावर डोळा नसेल तर थांबू नका, पुढच्या सांध्यावर जा. डोळा जिथे सापडेल, तिथून टोकापर्यंतचं सगळं मिळून एक पान.

निंबावर करून पाहा. दातेरी, विळ्यासारखं वाकडं जे पातं आपण पान म्हणतो, त्याच्या बुडाशी डोळा नाही. ते पातं ज्या लांब काडीवर आहे, ती काडी फांदीला चिकटते तिथे डोळा आहे. म्हणजे अख्खी काडी हे एक पान. असं पान संयुक्त. आंबा, वड, साग यांची पानं साधी, कारण तिथे पात्याच्या देठाशीच डोळा मिळतो.

आता दोन ठिकाणं, जिथे जाणकारही अडखळतात.

एक, सप्तपर्णी आणि काटेसावर. दोन्हीत पाच-सात पाती एका ठिकाणाहून पसरलेली दिसतात. सावरीत ती सगळी एका लांब देठाच्या टोकाला असतात आणि डोळा त्या देठाच्या बुडाशी असतो, म्हणून ते एक संयुक्त पान. सप्तपर्णीत ती थेट फांदीभोवती गोलाकार लागतात, म्हणून ती सात स्वतंत्र साधी पानं. शिवाय सप्तपर्णीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, सावरीला येत नाही.

दुसरं, आवळा. त्याची बारीक पानांची डहाळी पाहून कुणीही संयुक्त पान म्हणेल. पण ही पाती साधी पानं आहेत. पुरावा हवा असेल तर कार्तिकात जा. आवळे त्या बारीक पानांच्या बेचक्यांतच लागलेले दिसतील. पर्णिकेच्या बेचक्यात फळ धरत नाही.

सावधान: डोळा कधी कधी मोहरीएवढाच असतो. भिंग लावा. फांदीच्या अगदी शेंड्याला न पाहता दोन-चार पानं मागे पाहा, तिथे तो जास्त स्पष्ट असतो.

४. पानं फांदीवर कशी बसली आहेत

पान म्हणजे काय हे एकदा ठरलं की हा टप्पा अर्ध्या मिनिटाचा. समोरासमोर जोडीने, एकाआड एक, की एकाच पेरावर तीन-चार गोलाकार? साग, हळदू, कळंब, जांभूळ यांची समोरासमोर. वड, पिंपळ, बोर, कांचन यांची एकाआड एक. ऐन आणि अर्जुन मधले: जोडी असते, पण थोडी पुढेमागे सरकलेली. मोहाची पानं फांदीच्या टोकाला दाटतात. तसं दिसलं तर तेही लिहा.

एका फांदीवरून ठरवू नका, तीन फांद्या पाहा.

५. संयुक्त पान असेल तर

पर्णिका एका बिंदूतून निघाल्या आहेत की काडीच्या दोन्ही बाजूंनी ओळीने? काडीला पुन्हा उपकाड्या आहेत का? टोकाला एकटी पर्णिका आहे का? या प्रश्नांतच शहरातल्या निम्म्या झाडांचा निकाल लागतो.

काकूंच्या डहाळीत हेच झालं होतं. निंबाची काडी एकदाच विभागते. बकाणाच्या काडीला उपकाड्या असतात आणि पर्णिका त्यांच्यावर लागतात. महारुख निंबासारखा एकदाच विभागतो, पण त्याचं पान दोन फुटांवर जातं, पर्णिकांच्या कडेला ओबडधोबड मोठे दाते असतात आणि चुरगळल्यावर वास नकोसा येतो. तिन्ही झाडं नागपुरात एकाच रस्त्यावर भेटू शकतात.

करंज आणि शिसू यांची गल्लतही नेहमीची. करंजाच्या पर्णिका समोरासमोर आणि टोकाला एक. शिसूच्या एकाआड एक, आणि त्यांना जोडणारी काडी नागमोडी. करंजाच्या जुन्या पानावर पांढुरक्या रेघा आणि किडीच्या गाठी इतक्या सर्रास असतात की मी त्याही नोंदीत धरतो.

पळसाला पाने तीनच, हे खरंच आहे, पण तीन पानं म्हणजे पळसच असं नाही. बेल, पांगारा, तिवस आणि वायवर्ण यांनाही तीनच असतात. पळसाची मधली पर्णिका रुंद आणि बाजूच्या दोन तिरक्या, पान जाड आणि खरखरीत. बेलाला काटे आणि वास. पांगाऱ्याच्या फांदीवरच काटे.

६. कडा, शिरा, पाठ

पान आता हातात घ्या. झाडाच्या मधल्या उंचीवरचं, उन्हातलं, पूर्ण वाढलेलं पान निवडा. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांवरची पानं अवाढव्य आणि वेड्यावाकड्या आकाराची असतात. तोडलेल्या सागाच्या खुंटावरचं पान पाहून कित्येक जण सागालाच ओळखत नाहीत.

कडा सरळ, दातेरी की लाटांसारखी, ते पाहा. लांबी-रुंदी मोजा, पण एका पानाची नाही, पाचांची. मग पान उलटा. पाठीवर खरी माहिती असते आणि लोक नेमकी तीच बाजू सोडतात. बोराच्या पानाची पाठ पांढरट लवेची, आणि बुडापासून तीन शिरा निघालेल्या. जांभळाच्या बारीक शिरा अगदी जवळजवळ आणि कडेलगत एका बारीक रेघेला मिळालेल्या. ऐन-अर्जुनाच्या पानाच्या बुडाशी, देठाजवळ, छोट्या गाठी असतात. बोट फिरवलं तरी लागतात.

दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याऐवजी कांचनाच्या फांद्या विकल्या जातात, तिथेही पान उलटून पाहिलं की फरक कळतो. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, पाठीकडून करडं, आणि वरची खाच उथळ. कांचनाचं मोठं, पातळ, खाच बरीच खोल.

७. चीक, वास, उजेड

एक पान देठाजवळ तोडा आणि दहा सेकंद थांबा. पांढरा चीक आला तर वड, पिंपळ, उंबर यांचं कुळ, मोह किंवा सप्तपर्णी यांच्याकडे वळा. वडाच्या कुळात आणखी एक खूण आहे: शेंड्याजवळच्या फांदीवर, प्रत्येक पानाच्या पातळीला, अंगठी घातल्यासारखा गोल वण असतो. मोहाला तो नसतो.

पान चुरगळून वास घ्या. मग दुसरं पान उन्हासमोर धरा. बेल, कवठ, संत्रं, निलगिरी यांच्या पात्यात टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. ती तेलाची पिशवी असते, वास तिथूनच येतो. सागाचं कोवळं पान बोटांत चोळा, बोटं लाल होतात.

तपासा: उन्हाळ्याच्या टोकाला चीक आटतो. मे महिन्यात चीक आला नाही म्हणजे चीक नाहीच, असं लिहू नका.

८. आता नाव, आणि तेही दोन

वही भरली की दोन संभाव्य नावं लिहा, एक नाही. एकच नाव लिहिलं की डोळे त्याचाच पुरावा शोधतात. दोन लिहिली की त्यांना वेगळी करणारी खूण शोधावी लागते.

समोरचं उंच, खांबासारखं "अशोक" घ्या. दुसरं नाव सीता अशोक लिहा. दोघांत वेगळं काय? अशोक म्हणून कुंपणाला लावलेल्या त्या झाडाचं पान साधं, लांबट, लाटांच्या कडेचं. सीता अशोकाचं संयुक्त, पर्णिका जोडीने, आणि कोवळी असताना तांबूस होऊन लोंबणारी. तिसऱ्या टप्प्यात डोळा शोधला असेल तर हा प्रश्न केव्हाच सुटलेला असतो.

नावांच्या बाबतीत गावाचं नाव आणि पुस्तकातलं नाव दोन्ही लिहा. आपल्याकडचा तेंदू पश्चिम महाराष्ट्रात टेंभुर्णी होतो. ऐनाला कुणी येन म्हणतं, मध्य प्रदेशाच्या बाजूला साज. शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला नक्की विचारा, पण "हे काय?" एवढंच विचारू नका, "याचं काय करता?" हेही विचारा. पत्रावळी, विडी, डिंक, औत या उत्तरांतून झाड पक्कं होतं.

फोनमधलं ओळख सांगणारं ॲप वापरायचं तर या टप्प्यावर वापरा, आधी नाही. त्याला पाच फोटो द्या: अख्खं झाड, साल, डोळ्यासकट फांदी, पानाची वरची बाजू, पाठ. मग त्याचं उत्तर वहीतल्या खुणांवर घासून पाहा. ॲपला तुम्ही उभे असलेला नाला दिसत नाही.

एक झाड, सुरुवातीपासून

अंबाझरीजवळच्या एका ओहोळावर माझ्यासोबत आलेल्या मुलीने एका मोठ्या झाडाला थेट ऐन म्हटलं. पान हुबेहूब ऐनासारखं होतं, यात तिची चूक नव्हती. आम्ही वही उघडली.

जागा: ओहोळाची कड, मुळं जवळजवळ पाण्यात, झाड आपोआप आलेलं. खोड: फिकट, गुळगुळीत, खालच्या बाजूला पापुद्रे सुटलेले. डोळा पात्याच्या देठाशी, म्हणजे पान साधं. जोड्या किंचित पुढेमागे. कडा जवळजवळ सरळ, लांबी पाच पानांत साधारण पाच ते सात इंच. पानाच्या बुडाशी गाठी. चीक नाही.

गाठींनी कुळ सांगितलं: ऐन किंवा अर्जुन. पानावरून पुढे जाता येईना. दोन नावं लिहिली आणि त्यांना वेगळं करणारं काय ते शोधलं. साल अर्जुनाकडे, पाण्याची कड अर्जुनाकडे. मग मुलगी झाडाखाली वाकली आणि पाचोळ्यातून एक जुनं, पाच पंखांचं फळ काढलं. पाच पंख दोघांनाही असतात. पण या फळाचे पंख अरुंद होते आणि त्यांवरच्या रेघा वर वळलेल्या. ऐनाचे पंख रुंद असतात आणि रेघा आडव्या जातात. अर्जुन.

झाडाखाली पाहणं हा वेगळा टप्पा मी लिहिला नाही, कारण तो प्रत्येक टप्प्यात करायचा असतो. गेल्या वर्षीची शेंग, फळाचं टरफल, बी, यांतलं काहीतरी पाचोळ्यात मिळतंच.

तरीही नाव निघालं नाही तर

डोळ्यासकट पाच-सहा इंचांची डहाळी घ्या, फक्त जिथे तोडायला मनाई नाही तिथून. एक पान उलटं करून जुन्या वर्तमानपत्रात पसरा, वर जड पुस्तकं ठेवा आणि पहिला आठवडाभर कागद रोज बदला, नाहीतर नागपूरच्या पावसाळी दमटपणात बुरशी धरते. कागदावर तारीख, जागा, खोडाची साल कशी होती, चीक आणि वास लिहा, कारण वाळल्यावर हे काहीच उरत नाही. अशी डहाळी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात कुणाला दाखवली तर त्यांना काहीतरी सांगता येतं. एका पानाच्या फोटोवरून येत नाही.

आणि त्या झाडाकडे पुन्हा जायचा दिवस वहीत लिहून ठेवा. होळीच्या आसपासचा ठेवा. पळस, सावर, पांगारा, मोह यांची फुलं त्याच सुमाराला येतात आणि वर्षभर अडलेली दोन-तीन नावं तेव्हा एका सकाळीत सुटतात.